तोच धडा, त्याच दिवशी: दृष्टिदोष असलेल्या मुलाला वर्गाबरोबर वाचतं कसं ठेवायचं

माण-खटावकडच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये मी विशेष शिक्षिका म्हणून फिरते. दृष्टिदोष असलेली मुलं हा माझा विषय. एका शाळेत माझी फेरी आठवड्यातून, कधी पंधरवड्यातून एकदा होते. बाकीचे सगळे दिवस ते मूल वर्गशिक्षकांसमोर असतं आणि संध्याकाळी घरी आई, आजी नाहीतर मोठ्या भावाजवळ. हे लिखाण त्या सगळ्यांसाठी आहे. मला सांगायचं आहे ते एवढंच: वर्ग ज्या दिवशी जो धडा वाचतो, त्याच दिवशी तोच धडा या मुलापुढे त्याला वाचता येईल अशा रूपात असला पाहिजे. दिवाळीनंतर आलेला ब्रेलचा खंड उपयोगी पडतो, पण तोवर वर्ग पुढे गेलेला असतो आणि मुलाने ऐकून पाठ करण्याची सवय लावून घेतलेली असते.

ही सवय ओळखायला शिका. "मॅडम, त्याचं पाठांतर फार छान आहे" असं कुणी म्हणालं की मी त्या मुलाजवळ जास्त वेळ बसते. शेजाऱ्याने उघडलं तेच पान ते उघडतं, ओळीवरून बोट फिरवतं आणि कविता न चुकता म्हणतं. नीट बघितलं तर बोट तिसऱ्या ओळीवर असतं आणि तोंड पाचव्या. अशी मुलं चौथी-पाचवीपर्यंत कुणाच्या लक्षात न येता पुढे जातात, कारण हुशार असतात. खात्री करायला न शिकवलेलं पान द्या: पुढच्या इयत्तेचं पुस्तक, 'किशोर'चा जुना अंक, काहीही. चार ओळींत कळतं.

आधी चष्मा, मग कागद

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं त्या दिवशी हे मूल हजर राहील असं बघा, आणि पुढे रुग्णालयात पाठवलं असेल तर घरचे खरंच गेले का ते विचारा. चष्मा मिळालेला असेल तर तो नाकावर आहे का, काचांवर ओरखडे आहेत का, गेल्या वर्षीच्याच नंबरचा आहे का, हे तुम्हीच बघायचं. दांडी तुटली म्हणून महिनोन् महिने दप्तरात पडलेला चष्मा मला नेहमी सापडतो.

चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ च्या खाली असेल, म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून दिसतं ते या मुलाला सहा मीटरवरूनही नीट दिसत नसेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ती अल्पदृष्टी. ३/६० च्या खाली अंधत्व. नजरेचं क्षेत्र फार अरुंद असेल तर तेही यात येतं. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त ठरलं की बहुतेक सवलती लागू होतात, म्हणून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्याच. पण ते येईपर्यंत थांबू नका. कार्डावरचा टक्का वर्गात फार काही सांगत नाही. सारखाच टक्का असलेल्या दोन मुलांपैकी एक मोठ्या अक्षरात भराभर वाचतं आणि दुसऱ्याला ब्रेलशिवाय तरणोपाय नसतो.

मूल कसं बघतं ते बघा

एक अख्खा तास काही न शिकवता त्याच्याकडे बघत बसा. पुस्तक डोळ्यांपासून किती अंतरावर धरतं? मान कुठे कलते? खिडकीकडे तोंड असताना डोळे बारीक करतं का? ओळ संपल्यावर पुढची ओळ सापडते की तीच पुन्हा वाचतं? किती वेळाने डोळे चोळायला लागतं?

पुस्तक नाकाला लावून वाचणाऱ्या मुलाला "लांब धर, डोळे जातील" असं सगळेच सांगतात. जवळून वाचल्याने डोळे जात नाहीत. जवळ धरलं की अक्षर मोठं दिसतं, म्हणून मूल जवळ धरतं. तसंच मान वाकडी करून बघणाऱ्या मुलाची मान सरळ करू नका. ज्यांची बुबुळं सतत हलतात त्यांना एका ठरावीक कोनातच ती स्थिर राहिल्यासारखी होतात, आणि तो कोन त्यांनी स्वतःच शोधून काढलेला असतो. मान सरळ केली की अक्षरं पुन्हा नाचू लागतात.

मग एक छोटी चाचणी घ्या. अनोळखी परिच्छेद १४, १८, २४ आणि ३२ पॉइंटमध्ये छापून आणा. ज्या आकारात मूल कसंबसं वाचतं, तो त्याचा आकार समजू नका. त्याच्या साधारण दुप्पट अक्षर दिलं तर ते न थकता वाचत राहतं. हा आकडा पेनने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, वर्षभर लागतो.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. काही मुलांना मधलं दिसतं आणि कडेचं दिसत नाही, जसं रातांधळेपणातून वाढत जाणाऱ्या दृष्टिपटलाच्या आजारात होतं. अशी मुलं बाकांना अडखळतात, संध्याकाळी हात धरून चालतात, पण बारीक अक्षर वाचू शकतात. त्यांना मोठं अक्षर दिलं तर नजरेच्या छोट्या गोलात दोनच अक्षरं मावतात आणि वाचन आणखी मंदावतं. त्यांना नेहमीच्या आकाराचं, पण गडद आणि स्वच्छ छापलेलं द्या, आणि उजेड भरपूर.

मोठ्या अक्षरातलं पान तयार करताना

सोपी वाट म्हणून सगळे पुस्तकाचं पान ए-फोरचं ए-थ्री करून आणतात. अक्षर जेमतेम दीडपट होतं, कागद बाकावर मावत नाही, आणि मजकुरामागची रंगीत चित्रं काळपट होऊन अक्षरावर येतात. घाईच्या दिवशी तेवढंच करा, पण नेमाने करायचं असेल तर धडा युनिकोडमध्ये (फोनवर, संगणकावर सगळीकडे सारखंच उघडतं ते टायपिंग) टाइप करून छापा.

इथे देवनागरीचा विचार करावा लागतो. इंग्रजीसाठी दिलेल्या सूचना मराठीला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि पाय मोडलेलं अक्षर. दोन ओळींतलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत मिसळतो आणि कमी दिसणाऱ्या मुलाला तो एकच गुंता दिसतो. म्हणून अक्षराच्या आकाराइतकंच ओळींमधलं अंतर महत्त्वाचं. मी 'मुक्ता' हा फॉन्ट वापरते, २४ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ. फाइल सगळी ठळक करू नका. ठळक 'ष' आणि 'घ' मधल्या पोकळ्या भरून जातात. तिरपी अक्षरं नकोत, दोन्ही कडा जुळवायच्या नाहीत, डावीकडून सुरू करून उजवीकडे जशी संपेल तशी संपू द्या. कागद चकचकीत नको.

पाचवीतल्या एका मुलीबरोबर बसून मी हे पान जुळवलं होतं. तिची त्वचा आणि केस जन्मतः पांढरे, डोळ्यांना उजेड सहन होत नाही. आधीच्या छापील प्रतीत ती 'आंबा'चं 'आबा', 'भात'चं 'मात' आणि 'धर'चं 'घर' वाचत होती. शिक्षक म्हणत होते, अजून मुळाक्षरं पक्की नाहीत. मी तोच परिच्छेद मोठ्या अंतराने छापला, पांढऱ्याऐवजी फिकट पिवळा कागद घेतला आणि तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं. अनुस्वार सापडायला लागले. 'भ'च्या डोक्याची फट आणि 'ध'ची गाठ अजून निसटत होती, म्हणून काळ्या कार्डशीटमध्ये एक ओळ दिसेल एवढी फट कापली आणि ती पट्टी ओळीवर ठेवली. आजूबाजूचा पांढरा कागद झाकला गेला की चकाकी कमी होते आणि ओळही सुटत नाही. अर्ध्या पानानंतर ती म्हणाली, "मॅडम, 'भ' वरून उघडा असतो ना?" मुळाक्षरं तिला येतच होती, फक्त दिसत नव्हती.

अशी काळी पट्टी कुठल्याही शाळेत फुकट तयार होते. तिरपा स्टँड घेतला तर मानेवरचा ताण जातो. मिळाला नाही तर दप्तर खाली ठेवून पाटी तिरकी करा. मोबाइलचा कॅमेरा भिंग म्हणून चालतो. लिहायला शिसपेन्सिलीऐवजी काळं जेल पेन किंवा बारीक स्केचपेन आणि ओळी गडद केलेली वही. फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने बोला. "हे इथून इकडे घेतलं" असं म्हणू नका, "दोन्ही बाजूंना पाच मिळवले" असं म्हणा. वर्गातल्या सगळ्यांनाच त्याचा फायदा होतो.

ब्रेल घाबरण्यासारखं नाही

अक्षर कितीही मोठं केलं तरी मूल दहा मिनिटांत थकत असेल, किंवा दृष्टी वाढत्या वयाबरोबर कमी होत जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर ब्रेल लगेच सुरू करा. "थोडं दिसतंय की, मग ब्रेल कशाला?" हा प्रश्न घरचे विचारतात, आणि त्यामागची भीती मला कळते: ब्रेल म्हणजे आपलं मूल आंधळं झालं असं लिहून देणं, असं त्यांना वाटतं. त्यांना सांगा की दोन्ही चालवता येतं. दिवसा मोठं अक्षर, रात्री बोटं.

वर्गशिक्षकांना ब्रेल बोटाने वाचता येण्याची गरज नाही, डोळ्यांनी वाचता आलं तरी पुरे. एका घरात, म्हणजे एका चिन्हाच्या जागेत, सहा टिंबं: डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन, उजवीकडे चार, पाच, सहा. भारतीय भाषांसाठी १९५१ पासून एकच भारती ब्रेल आहे, त्यामुळे मराठीचा 'क' आणि हिंदीचा 'क' सारखाच. 'ब' म्हणजे १-२, 'क' म्हणजे १-३, 'ल' म्हणजे १-२-३, 'आ' म्हणजे ३-४-५. एवढ्या चार चिन्हांत बाबा, काका, लाल, काल हे शब्द होतात. पहिल्या आठवड्यात मूल 'बाबा' वाचतं आणि घरी जाऊन दाखवतं, तेव्हा घरच्यांची भीती अर्धी होते.

मराठी ब्रेलची रचना समजून घेतली तर शिकवणं सोपं जातं. ब्रेलमध्ये वेलांटी, उकार, मात्रा वेगळ्या नसतात. व्यंजनानंतर सरळ स्वर लिहितात, उच्चारतो त्याच क्रमाने. छापील 'मि'मध्ये ऱ्हस्व वेलांटी 'म'च्या आधी येते, ब्रेलमध्ये आधी 'म' (१-३-४), मग 'इ' (२-४). जोडाक्षरासाठी अर्ध्या अक्षराच्या आधी फक्त चौथं टिंब येतं. म्हणजे 'मित्र' हा शब्द पाच घरांत: म, इ, चौथं टिंब, त, र. छपाईत 'र'ची किती रूपं! 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'चक्र'मध्ये पायाशी, 'राष्ट्र'मध्ये काकपदासारखा, 'सुऱ्या'मध्ये आडवा. ब्रेलमध्ये 'र' सगळीकडे १-२-३-५. डोळ्यांनी वाचणारी मुलं तिसरीपर्यंत रफाराशी झगडतात, ब्रेल वाचणाऱ्याला ती अडचण येतच नाही. हे मी शिक्षकांना मुद्दाम सांगते, कारण ब्रेल म्हणजे काहीतरी तोडकंमोडकं असा समज खोल बसलेला असतो.

टिंबांआधी बोटं तयार करावी लागतात. बाजरी आणि ज्वारी एकत्र करून निवडायला द्या, वेगवेगळ्या कापडांचे जोड लावायला द्या, कार्डशीटवर चिकटवलेल्या दोऱ्यावरून बोट न उचलता टोकापर्यंत जायला सांगा. वाचताना दोन्ही हात कागदावर हवेत: उजवं बोट ओळ वाचत पुढे जातं, डावं बोट मागून येऊन पुढची ओळ पकडून ठेवतं. बोट दाबायचं नाही, वर-खाली घासायचं नाही, अलगद सरकवायचं. घासण्याची सवय एकदा लागली की मोडायला फार जड जातं, म्हणून पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवा. हिवाळ्यात सकाळच्या शाळेत बोटं गार असतात, तेव्हा आधी हात चोळून घ्या. गार बोटाला टिंब लागत नाही.

लिहिणं ब्रेल पाटीवर स्टायलसने (टोचणीने) होतं. टिंब कागदाच्या मागे उमटतं, त्यामुळे उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. मोठ्यांना हे विचित्र वाटतं, मुलं पटकन आत्मसात करतात. ब्रेल टंकयंत्र मिळालं तर उत्तमच. त्यावर लिहिलेलं लगेच बोटाखाली वाचता येतं.

ब्रेल पाठ्यपुस्तकं 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून मोफत मिळतात, पण मागणी मार्चमध्येच पक्की नोंदवा आणि जूनमध्ये पाठपुरावा करा. छापील एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात, त्यामुळे कुठला धडा कुठल्या खंडात ते पहिल्याच दिवशी मुलाबरोबर लावून ठेवा. अवांतर वाचनासाठी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक आहे, स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं. ब्रेल शिकलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकापलीकडचं काहीतरी हवंच. कुठलंही मूल फक्त धड्यांवर वाचक होत नाही.

कानाने वाचताना

आता ज्या वाटेकडे सगळे आधी धावतात ती: मोबाइल. माझं मत स्पष्ट आहे. ऐकणं ही मोठी सोय आहे, पण नुसत्या ऐकण्यावर मूल वाढवू नका. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'शिर' आणि 'शीर' यांतला फरक कानाला कळत नाही. सातवीपर्यंत फक्त ऐकत आलेल्या मुलांना लिहायला बसवलं की सगळ्या वेलांट्या अंदाजाने पडतात. स्वल्पविराम कुठे येतो, परिच्छेद म्हणजे काय, संवाद कसा मांडतात हे त्यांना माहीतच नसतं. म्हणून भाषेचे धडे बोटाने किंवा डोळ्याने, आणि इतिहास, भूगोल, विज्ञानाची लांबलचक पानं कानाने, अशी वाटणी मी करते.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात ई-बालभारतीवर मोफत उतरवता येतात. पण बऱ्याच पीडीएफमधला मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असतो. मोबाइलला तो वाचायला सांगितला की निरर्थक अक्षरांची गिचमीड ऐकू येते. पालक मग म्हणतात, फोन मराठी वाचत नाही. फोन वाचतो, त्याला फक्त युनिकोड मजकूर हवा. त्यासाठी पानाचं चित्र करून घ्या (फोटो किंवा स्क्रीनशॉट), ते गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्रातली अक्षरं ओळखून खाली मजकूर येतो. एका वेळी थोडीच पानं द्या. मग डोळस माणसाने तो पुस्तकाशी ताडून बघायचा: दोन रकाने एकमेकांत मिसळतात, अनुस्वार गळतात, चौकटीतला मजकूर भलत्याच ठिकाणी येतो. हा सुधारलेला मजकूर जपून ठेवा. त्यातूनच मोठ्या अक्षरातलं पान निघतं, त्यातूनच ब्रेल छापता येतं आणि तोच फोन वाचून दाखवतो. एकदा घेतलेले कष्ट तिन्ही वाटांना पुरतात.

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) असतं आणि गूगलचा मराठी आवाजही. संगणक असेल तर तेच काम करणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. वेग सुरुवातीला कमी ठेवा. मूल सरावलं की ते स्वतःच वाढवत नेतं, आणि मग तो वेग तुम्हाला समजणारही नाही.

यंत्राच्या आवाजापेक्षा माणसाचा आवाज लहान मुलांना जास्त धरून ठेवतो. वरच्या वर्गातल्या मुलांकडून धडे रेकॉर्ड करून घ्या. त्यांना मी सांगते ते असं: पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. आधी विषय, धड्याचा क्रमांक आणि नाव. प्रत्येक नवं पान सुरू झालं की "पान एकेचाळीस" असं म्हणायचं, म्हणजे वर्गात शिक्षक पान सांगतात तेव्हा मुलाला ते सापडतं. चित्र आलं की थांबून दोन वाक्यांत सांगायचं, "चित्रात एक विहीर आहे, रहाटाला दोर आहे, दोन बायका पाणी शेंदताहेत." चौकट, तळटीप, स्वाध्याय काहीही गाळायचं नाही. अवघड नाव आलं की अक्षर-अक्षर सुटं करून सांगायचं. नाटकी वाचायचं नाही, पण झोप येईल असंही नाही. एक धडा, एक फाइल, आणि फाइलच्या नावात इयत्ता, विषय, धडा. वाचणाऱ्या मुलांचं स्वतःचं वाचन यातून किती सुधारतं ते तुम्हीच बघाल.

पुस्तकाची नक्कल केली म्हणून काही होईल का, असं शिक्षक दबकत विचारतात. नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात यासाठी सरळ परवानगी आहे: छापील मजकूर वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या शिक्षणासाठी तो वाचता येईल अशा रूपात करून देता येतो. २०१३ मध्ये माराकेशला झालेला आंतरराष्ट्रीय करारही याच हक्कासाठी आहे आणि त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू आहे, त्यात मराठी पुस्तकं आहेत. तुम्ही तयार करू पाहता ते पुस्तक तिथे आधीच असू शकतं, म्हणून रात्र घालवण्याआधी तिथे शोधा.

नकाशे आणि आकृत्या यांना वेगळा लेखच हवा. इथे एवढंच: महाराष्ट्राची सीमा सुतळीने चिकटवा, नद्या बारीक दोऱ्याने, आणि एका नकाशात एकच गोष्ट दाखवा. नद्या, जिल्हे आणि पिकं एकाच कागदावर घातली की बोटाखाली काहीच उरत नाही.

दिसतं, पण वाचता येत नाही

सुगम्य पुस्तकालय फक्त अंधांसाठी नाही. ज्यांना पुस्तक हातात धरता येत नाही, ज्यांना डिस्लेक्सिया आहे, तीही मुलं छापील मजकुरापासून तशीच तुटलेली असतात. डोळे स्वच्छ, बुद्धी चांगली, तोंडी उत्तरं अचूक, आणि वाचायला उभं केलं की घाम. मराठीत अशी मुलं सुटी अक्षरं बरेचदा ओळखतात. अडतात ती काना-मात्रा आणि जोडाक्षरांवर, आणि वेग फार कमी असतो. २०१६ च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) दिव्यांगत्व म्हणून नोंदलेली आहे, मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून यावर काम करते आहे, तरी गावात अजून 'आळशी' हाच शब्द चालतो. तुमच्या हातात आहे ते करा: वर्गासमोर न तयारीचं मोठ्याने वाचायला लावू नका, आदल्या दिवशी परिच्छेद सांगा, घरी रेकॉर्डिंग ऐकत त्यावर बोट ठेवून वाचू द्या. आवाज आणि अक्षर एकत्र जातात तेव्हा त्यांचं वाचन हळूहळू सुटायला लागतं. वर सांगितलेली मोठ्या अंतराची पानं आणि काळी पट्टी त्यांनाही उपयोगी पडते.

परीक्षा

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटं. लेखनिक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, या सगळ्यासाठी शाळेमार्फत अर्ज करावा लागतो, आणि दहावीचा अर्ज नववी संपतानाच हलवायला घ्या. घटक चाचणीपासून हीच पद्धत वापरा. मुलाला लेखनिकाकडून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे: वाक्य पूर्ण मनात जुळवून सांगायचं, विरामचिन्हं सांगायची, "मागचं वाचून दाखव" असं न लाजता म्हणायचं. ऐन परीक्षेत अनोळखी मुलगा शेजारी बसला की हुशार मुलंसुद्धा संकोचतात. म्हणून वर्षभरात वेगवेगळ्या मुलांबरोबर सराव करून घ्या.

पुढच्या वर्गाला द्यायचं पान

मे महिन्यात शिक्षकांच्या बदल्या होतात आणि जूनमध्ये नव्या शिक्षकांपुढे हे मूल पुन्हा नवखं होऊन बसतं. ते टाळायला वर्ष संपताना एक पान लिहून निकालपत्रकाबरोबर ठेवा आणि त्याची एक प्रत घरी द्या. त्या पाचवीतल्या मुलीसाठी आम्ही लिहिलेलं पान असं होतं:

"अक्षर २४ पॉइंट, फिकट पिवळा कागद, ओळींत दीडपट अंतर. खिडकीकडे पाठ, दुसरा बाक, भिंतीकडची बाजू. टोपी वर्गातही घालू द्यावी. काळी पट्टी दप्तरात असते, विचारावं लागत नाही. सलग वीस मिनिटं वाचते, मग पाच मिनिटं डोळे मिटून ऐकते. फळ्यावरचं शेजारची मैत्रीण वाचून दाखवते, दोघींना एकत्रच बसवावं. भाषेचे धडे स्वतः वाचते, परिसर अभ्यास रेकॉर्डिंगवर. ब्रेलची ओळख सुरू आहे, मित्र आणि सूर्य हे शब्द वाचते. कविता पाठ असेल तर न शिकवलेल्या पानावरून एकदा वाचून घ्यावं. पाचवीच्या सर्व विषयांच्या युनिकोड फाइली शाळेच्या पेनड्राइव्हवर आहेत, सहावीच्या पहिल्या चार धड्यांच्याही."